जवळच आलं

गेल्या वर्षी जानेवारीत, रात्री दीड वाजता, माझी सतरा वर्षांची भाची रायगड जिल्ह्यातल्या धरमतरच्या धक्क्यावरून काळ्या पाण्यात उतरली आणि मी तिच्या सोबतीच्या होडीत बसले. गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे सुमारे ३६ किलोमीटर तिला पोहून जायचे होते. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचे आणि उजाडल्यावर भरती लागली की तिच्या आधाराने बंदरात शिरायचे, असा होडी हाकणाऱ्या तांडेलाचा हिशेब होता. होडीत डिझेलचा आणि सुक्या मासळीचा मिसळलेला वास होता, तिच्या खांद्यांना चोळलेल्या ग्रीसचा चिकटपणा माझ्या बोटांवरून काही केल्या निघत नव्हता, आणि समोर बसलेले निरीक्षक विजेरीच्या उजेडात, मिनिटाला तिचे हात किती पडतात ते दर अर्ध्या तासाने वहीत लिहून ठेवत होते. माझे काम साधे होते. दोरीला बांधलेली ग्लुकोजच्या पाण्याची बाटली तिच्याकडे सोडायची, ती प्यायली की ओढून घ्यायची आणि तिच्याशी बोलायचे. तिचा हात होडीला लागता कामा नये आणि आमचा हात तिला लागता कामा नये, हा नियम तर सगळ्यांना माहीतच आहे. बोलण्याला मात्र काही नियम नव्हता.

पहिल्यांदा तिने विचारले तेव्हा खाडीच्या तोंडाशी, कारंजा बंदरासमोर असलेल्या रेवसचे दिवे डाव्या हाताला लुकलुकत होते. “मावशी, अजून किती?” मी म्हणाले, “जवळच आलं.” ते अजिबात जवळ आले नव्हते. दुसऱ्यांदा विचारले तेव्हा पूर्वेकडे नुकते तांबडे फुटत होते आणि थंडीने तिचे ओठ निळसर झाले होते. मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा तिच्या दंडावर जेलीफिशचे लाल वळ उठले होते, तिला रडू येत होते, आणि मी अधिक मोठ्या, अधिक आनंदी आवाजात तेच पुन्हा सांगितले. चौथ्यांदा तिने विचारले नाही, मीच ओरडले. जानेवारीतले मुंबईचे धुरके थोडे विरळ झाले होते आणि होडीत उभे राहिल्यावर ताजचा घुमट मला स्पष्ट दिसत होता. “आता खरंच जवळ आलं गं! घुमट दिसतोय!” तिने गॉगल कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आशाही नव्हती. वाचून वाचून अक्षरे पुसट झालेल्या पाटीकडे आपण रस्त्याने जाताना जसे बघतो, तसे तिने माझ्याकडे बघितले, गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि तोंड पाण्यात घातले.

पाऊण तासाने तिने गेटवेच्या पायऱ्यांना हात लावला. हार झाले, तिरंगा झाला, फोटो झाले. मला आठवते ती फक्त ती नजर.

इंग्लिश खाडी पोहून जाणारे पहिले भारतीय मिहिर सेन, हे नाव मी प्रथम बाबांच्या तोंडून ऐकले, तेही चेष्टेच्या सुरात. त्यांचे बालपण वाईला कृष्णेच्या घाटावर गेले. पावसाळ्यात फुगलेल्या नदीत या काठावरून उडी घेऊन त्या काठाला लागणाऱ्या पोराला बायका धुणे आपटता आपटता दरडावत, “मोठा मिहिर सेन लागून गेलास!” म्हणजे १९६६ सालच्या वाईत हे नाव इतके घरोघरी पोहोचले होते की ते शिवीसारखे वापरता येत होते. बाबांना पुढे पोहण्यातले फारसे काही उरले नाही, पण त्या माणसाविषयीचे कुतूहल उरले, आणि ते माझ्याकडे आले. धरमतरच्या त्या रात्रीनंतर मी पुन्हा मिहिर सेन यांच्या आयुष्याकडे वळले, तेव्हा मला त्यांच्या विक्रमांपेक्षा होडीतल्या माणसांचे जास्त नवल वाटू लागले होते. चौदा-चौदा, पंचवीस-पंचवीस तास हा माणूस पाण्यात होता, तेव्हा वरून त्याच्याशी कोण आणि काय बोलत असेल?

सेन मूळचे पुरुलियाचे. वडील डॉक्टर होते, तरी घरात ओढगस्त होती. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईने कुटुंब कटकला हलवले आणि दूध, अंडी विकून संसाराला हातभार लावला. ओडिशातून कायद्याची पदवी घेतलेल्या या तरुणाला विलायतेला जायचे होते. ओडिशाचे पुढारी बिजू पटनाईक यांनी त्याला बोटीचे एकतर्फी तिकीट काढून दिले, सोबत दहा पौंड आणि एक सुटकेस दिली. परतीचे तिकीट नसलेला तो प्रवास मला त्यांच्या पुढच्या सगळ्या प्रवासांचा पहिला टप्पा वाटतो. लंडनमध्ये त्यांनी रेल्वे स्थानकावर रात्रीची हमाली केली, मग इंडिया हाऊसमध्ये, म्हणजे भारताच्या तिथल्या उच्चायुक्तालयात, नोकरी केली आणि लिंकन्स इन या वकिलीच्या संस्थेतून १९५४ साली बॅरिस्टर झाले. या सगळ्याच्या मध्येच कधीतरी त्यांनी वर्तमानपत्रात फ्लॉरेन्स चॅडविक या अमेरिकन जलतरणपटूविषयी वाचले. १९५० साली तिने इंग्लिश खाडी १३ तास २० मिनिटांत ओलांडली होती. तोवर कोणा भारतीयाने ती ओलांडलेली नव्हती, आणि ज्याने हे वाचून मनावर घेतले त्या माणसाला धड फ्रीस्टाइलही येत नव्हते. ते त्यांनी वायएमसीएच्या तलावात शिकून घेतले. वकिलीची परीक्षा आणि इंग्लिश खाडीचे गार पाणी एकाच वयात अंगावर घेणाऱ्या या माणसाचा हट्ट मला पूर्ण समजतो असे मी म्हणणार नाही, पण नव्या स्वतंत्र देशातल्या पोरांना कोणीतरी काहीतरी करून दाखवले पाहिजे, ही त्यांची तळमळ खरी होती असे मला वाटते.

१९५५ सालचा पहिला प्रयत्न फसला. यश आले ते २७ सप्टेंबर १९५८ रोजी. डोव्हर ते कॅले, १४ तास ४५ मिनिटे. या दोन तारखांच्या मधली तीन वर्षे चरित्रात एका ओळीत आटोपतात. मला मात्र तिथेच थांबावेसे वाटते, कारण खाडीच्या मध्यावर पाण्याबाहेर काढलेल्या माणसाला परतीच्या होडीत घोंगडीत गुंडाळून बसवतात आणि किनारा येईपर्यंत त्याच्याशी काय बोलावे ते कोणालाच सुचत नाही.

होडीतून दिसते ते पाण्यातून दिसत नाही, ही गोष्ट मी त्या रात्री डोळ्यांनी पाहिली. पोहणाऱ्याचे डोळे पाण्याच्या वर फार तर वीतभर येतात. तेवढ्या उंचीवरून समुद्राची कड जेमतेम दीड किलोमीटरवर संपते, आणि मध्ये लाटा असतात त्या वेगळ्याच. होडीत उभ्या राहिलेल्या माणसाला त्याच्या तिपटीने लांबचे दिसते. म्हणजे पोहणाऱ्याचे जग खरोखरीच लहान असते, आणि त्या लहान जगाच्या पलीकडचे सगळे त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घ्यावे लागते.

ज्या फ्लॉरेन्स चॅडविकविषयी वाचून सेन पाण्यात उतरले, तिच्याच आयुष्यात हा विश्वास एकदा तुटला. ४ जुलै १९५२ रोजी ती कॅटलिना बेटावरून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे निघाली. धुके इतके दाट होते की सोबतच्या होड्यासुद्धा तिला नीट दिसत नव्हत्या, शार्क जवळ येत तेव्हा होडीतून बंदुका झाडून त्यांना पिटाळावे लागत होते. पंधरा तास उलटल्यावर तिने मला वर घ्या म्हणून सांगितले. होडीत तिची आई होती, प्रशिक्षक होता. दोघांनी तिला परोपरीने सांगितले की किनारा जवळ आला आहे. तिला समोर धुक्याशिवाय काही दिसत नव्हते. अखेर तिला वर घेतले, तेव्हा किनारा अर्धाच मैल उरला होता. ही गोष्ट एरवी ध्येय डोळ्यांसमोर असावे हे शिकवण्यासाठी सांगितली जाते. मला ती तशी कधीच पटली नव्हती, आणि आता तर ती मी वेगळीच वाचते. आई त्या क्षणी खरे बोलत होती. पण खरे बोलणाऱ्या आईचे शब्द आणि धीर देण्यासाठी बोलणाऱ्या आईचे शब्द अगदी सारखेच असतात, “जवळच आलं.” त्याआधीच्या पंधरा तासांत तिला ते किती वेळा ऐकवले गेले असेल ते मला माहीत नाही. मला एवढेच ठाऊक आहे की मी माझ्या भाचीला ते तीनदा ऐकवले होते, आणि चौथ्या वेळी माझ्या हातात खरे असूनही द्यायला शब्द शिल्लक नव्हता.

दोन महिन्यांनी चॅडविक पुन्हा त्याच पाण्यात उतरली आणि किनाऱ्याला लागली.

आपल्या जलतरणपटू आरती साहा यांच्या बाबतीत याच्या उलटे घडले. ऑगस्ट १९५९ मध्ये, इंग्लिश खाडीच्या पहिल्या प्रयत्नात, त्या इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर आल्या होत्या. समोरून उलटा प्रवाह लागला आणि तासन् तास हात मारूनही अंतर कमी होईना. त्यांची तयारी होती, पण होडीतल्या माणसाने थांबायला लावले आणि त्यांना पाण्याबाहेर यावे लागले. होडीत बसलेल्या माणसाला दूरचे दिसते, पण दमाचा अंदाज त्याला येतोच असे नाही. महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, त्याच आरती साहा १६ तास २० मिनिटांत इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या आशियातल्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्या ऑगस्टमध्ये कोणाचा शब्द खरा होता, हे ठरवण्याचा अधिकार मला नाही.

इथे बाबांची एक आठवण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. शेवटून दुसऱ्या दुखण्यात ते वीस दिवस दवाखान्यात होते. रोज सकाळी विचारत, “घरी कधी?” आम्ही तिघी बहिणी आळीपाळीने सांगत असू, “उद्या.” त्यात फसवण्याचा हेतू नव्हता, रात्र सरावी एवढाच होता. बाराव्या-तेराव्या दिवशी त्यांनी विचारणे बंद केले. आम्हाला वाटले, रुळले. विसाव्या दिवशी डॉक्टरांनी खरोखरच घरी न्यायला सांगितले, मी धावत त्यांच्या खाटेपाशी गेले आणि म्हणाले, “बाबा, चला, आज घरी जायचं.” त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. मग माझ्या धाकट्या बहिणीने पिशवीतून त्यांच्या चपला काढल्या आणि खाटेखाली, त्यांना दिसतील अशा, जोडीने मांडून ठेवल्या. बाबांनी चपलांकडे बराच वेळ पाहिले आणि उठून बसले. भाचीने गॉगल वर करून माझ्याकडे पाहिले ना, ती नजर मी आधी पाहिलेली होती, आणि ती भिंतीकडे वळलेली होती, हे मला गेटवेच्या पायऱ्यांवर उभे असताना आठवले.

खोटे बोलण्याशी समुद्रातल्या पोहण्याचे नाते जुनेच आहे. ऑक्टोबर १९२७ मध्ये डोरोथी लोगन नावाच्या एका इंग्लिश डॉक्टर बाईने इंग्लिश खाडी विक्रमी वेळेत पोहून गेल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच आपण बहुतेक अंतर होडीतून गेलो हे स्वतःच सांगून टाकले. कोणीही काहीही सांगावे आणि लोकांनी मान डोलवावी, हे किती सोपे आहे ते तिला दाखवायचे होते. त्याच वर्षी इंग्लिश खाडीतल्या पोहण्याची खातरजमा करणारी संघटना स्थापन झाली. तेव्हापासून होडीत वही घेऊन बसणारा माणूस आला. वेळ लिहायची, वारा लिहायचा, हातांची गती लिहायची, काय खाल्ले-प्यायले ते लिहायचे, आणि पोहणाऱ्याचा नातलग नसलेल्या माणसाने लिहायचे. आमच्या त्या होडीत हाताच्या अंतरावर दोघे बसले होते. एक जण जे घडते आहे तेच लिहीत होता, आणि एक जण जे घडावे असे वाटते ते बोलत होती.

मिहिर सेन यांचे १९६६ हे वर्ष त्या वह्यांमध्ये नोंदलेले आहे म्हणूनच विश्वास ठेवावा लागतो, नाहीतर ते ऐकीव वाटले असते. एप्रिलमध्ये पाल्कची सामुद्रधुनी, २५ तास ३६ मिनिटे. २४ ऑगस्टला जिब्राल्टर, ८ तास १ मिनिट. १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीची पूर्ण लांबी, १३ तास ५५ मिनिटे. त्यानंतर त्याच महिन्यात तिथलीच बॉस्फरस, ४ तास. आणि ऑक्टोबरच्या शेवटी पनामा कालव्याची अख्खी लांबी, ३४ तास १५ मिनिटे. आकडे वाचताना आपण भराभर पुढे जातो. मला त्यातला पाल्कच सोडवत नाही. त्या मोहिमेसाठी ४५ हजार रुपये लागणार होते. निम्मे त्यांनी कलकत्त्याच्या ‘स्टेट्समन’सारख्यांकडून जमवले, उरलेल्यांची सोय पंतप्रधान इंदिरा गांधींनी केली, आणि नौदलाच्या ‘सुकन्या’ व ‘शारदा’ या दोन नौका सोबतीला निघाल्या. श्रीलंकेचा किनारा सोडला की धनुष्कोडीपर्यंत सरळ रेषेत अंतर तीसेक किलोमीटरच असेल, पण पोहणारा सरळ रेषेत जातच नाही, प्रवाह त्याला वाकवत नेतो. सापांचे आणि शार्कांचे ते पाणी. एक अख्खी रात्र आणि दिवस. आणि ज्या किनाऱ्याकडे ते चालले होते तिथे गावच उरले नव्हते. डिसेंबर १९६४ च्या वादळाने धनुष्कोडी पुसून टाकले होते, पांबनहून निघालेली आगगाडी प्रवाशांसकट समुद्रात गेली होती, आणि गाव राहण्यास अयोग्य ठरवून सोडून देण्यात आले होते. रात्रीच्या अंधारात पोहणाऱ्याला कोणी गावाचे दिवे दाखवून “ते बघा, जवळच आलं” म्हणू शकले नसते. तिथे दाखवायला दिवाच नव्हता. पडक्या भिंती, वाळू आणि मोडलेले रूळ यांच्याकडे एक माणूस पंचवीस तास पोहत गेला, याचा विचार मनात आला की मला त्या विक्रमापेक्षा त्या किनाऱ्याचेच जास्त वाटते.

त्यानंतरचे आयुष्य मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी ते वाचताना माझी गती मंद होते. पद्मश्री झाली होती, १९६७ साली पद्मभूषण झाले. वकिलीनंतर त्यांनी रेशमाच्या निर्यातीत मोठे नाव कमावले. १९७२ साली साहसाची आवड असणाऱ्यांसाठी ‘एक्सप्लोरर्स क्लब’ काढला. मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी राजकारण, संप, बंद पडलेले कामकाज, आणि हळूहळू सगळेच ओसरत गेले. शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाने आणि कंपवाताने त्यांना घेरले. जून १९९७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, कलकत्त्यात ते गेले. ज्या हातांची मिनिटामिनिटाची गती कोणीतरी वहीत लिहून ठेवली होती त्या हातांना कंप सुटावा, आणि ज्या माणसाने पाच समुद्रमार्ग अंगाने मोजले त्याला ते मोजल्याचेच स्मरण राहू नये, याचे मला जे वाटते त्याला नुसते दुःख म्हणता येत नाही, त्यात थोडा संतापही आहे. आपण त्यांना विसरलो असे लोक हळहळून म्हणतात. मला त्याहून दुसरेच छळते. धुक्यातल्या माणसाजवळ बसणाऱ्याने काय बोलावे? पत्नी बेला त्यांच्या सोबत होत्या, ही एक गोष्ट त्या सगळ्यात मला धरून ठेवावीशी वाटते. त्या काय बोलत असतील, हे विचारण्याचा मला हक्क नाही.

दरम्यान काळ पुढे सरकला आहे. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्या पोहून जाण्याचे ‘ओशन्स सेव्हन’ हे आव्हान पुरे केले, तसे करणारे ते आशियातले पहिलेच. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी लहान-लहान पोरे लाटांत उतरतात आणि त्यांचे आई-बाप वाळूवर टॉवेल घेऊन उभे राहतात. भाचीही आता दुसऱ्या, याहून लांबच्या पल्ल्याच्या तयारीला लागली आहे. महिन्यापूर्वी तिने फोन करून विचारले, “मावशी, होडीत तूच येशील ना?” मी गप्प राहिले. मग जे वर्षभर अडले होते ते बोलले. म्हणाले, “मागच्या वेळी मी तुला तीनदा खोटं सांगितलं गं.” ती जराही न अडखळता म्हणाली, “माहीत आहे. पहिल्यांदाच कळलं होतं. रेवसचे दिवे मलाही दिसत होते.” थोड्या वेळाने म्हणाली, “विचारलं तरी किती राहिलं ते सांगू नकोस. किती झालं ते सांग.”

म्हणून मी बोहारआळीतून एक मोठी पाटी आणि खडूचा डबा आणला. ओरडून बोललेले लाटांत अर्धे विरते, शिवाय माझ्या आवाजावर माझाच भरवसा उरलेला नाही. मागच्या रविवारी आम्ही गच्चीवर सराव केला. ती पाण्याच्या टाकीपलीकडे, गॉगल लावून, त्यावर मुद्दाम पाणी शिंपडून बसली, आणि मी इकडून पाटी धरली. पहिली अक्षरे बारीक आली, तिला वाचता आली नाहीत. मी ती ओल्या फडक्याने पुसली, खडू आडवा धरला आणि पुन्हा लिहिले: ‘कारंजा मागे पडलं. चार तास झाले.’

“आता दिसलं,” ती पलीकडून म्हणाली.